आग्या मोहोळावरच्या स्वारीआधी

श्री बिरोबा प्रसन्न.

मी, बिरू ज्योतीराम कोळेकर, वय बावीस (आईच्या हिशेबानं तेवीस), धंदा पूर्वी मेंढरं, सध्या पेन्शनीत निघालेल्या जनरल ब्रिमली साहेबांच्या बंगल्यावर पडेल ते काम, मूळ राहणार कुरणवस्ती, तालुका माण, जिल्हा उत्तर सातारा, हल्ली मुक्काम 'मिंथा व्हिला', देहूरोडहून तळवड्याकडे जाणारा रस्ता, असं लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, मी दारू प्यालेलो नाही, चार यत्ता शिकल्यामुळे अंगठा न लावता सही करतो, आणि मला हे लिहायला कुणी जबरदस्ती केलेली नाही. हे शेवटचं वाक्य मायन्यात लागतं असं खानसामा सोपानराव म्हणाले म्हणून घातलं. खरं बघता जबरदस्तीच आहे. साहेबांचा हुकूम झाला आहे.

हुकूम असा की उद्या रविवारी उजाडताना बंगल्याच्या पाण्याच्या टाकीखाली जे आग्या मोहोळ लोंबतं आहे, त्याच्यावर स्वारी करायची. परवा सोमवारी साहेबांनी जिंकलेल्या मिंथा नदीच्या लढाईला दहा वर्षं होतात. पुण्याहून मोठी मंडळी यायची आहेत, आणि निशाण टाकीवर चढवायचं आहे. साहेबांच्या फौजेत मृत्युपत्र लिहून ठेवल्याशिवाय एकही शिपाई कधी लढाईवर गेला नाही. म्हणून आज जेवणं उरकल्यावर त्यांनी आम्हाला व्हरांड्यात ओळीनं उभं केलं. फौज तिघांची: सोपानराव, भांडीवाल्या अंबुबाई आणि मी. प्रत्येकाला तीन तीन कोरे कागद मिळाले. पाच वाजेपर्यंत लिहून आणायचं, खाली साक्षीदार म्हणून साहेब स्वतः सही करणार.

अंबुबाई म्हणाल्या, "साहेब, मला लिवाया येत न्हाई."

साहेब म्हणाले, "लिखना जरूरी नहीं. कागज जरूरी है."

मग आठवडाभर दाखवत आलेला नकाशा पुन्हा उलगडला. टाकी निळी, मोहोळ लाल. "आगे कौन जाएगा? बिरू. क्यों? कंबल है." माझ्याकडे माणदेशी घोंगडी आहे, ती अंगभर घेऊन मशाल धरून मी शिडीवर चढायचं. मागून सोपानराव धूर करणार, त्यांच्या मागून अंबुबाई पाणी मारणार, आणि सगळ्यांच्या मागे, व्हरांड्यात, मच्छरदाणीच्या आत, दुर्बीण लावून साहेब.

कलम पहिलं. माझ्या देहाबद्दल. मी मेलो तर मला इंद्रायणीकाठी जाळावं. साहेबांना बिगुल वाजवू देऊ नये. त्यांना वाजवता येत नाही, पण ते वाजवतात.

कलम दुसरं. घोंगडी. ती आई तानाबाई हिला पोचवावी, कारण लोकर तिनंच कातली आहे. मात्र तिच्यात अडकलेल्या माश्या आधी नीट झटकाव्यात. हे मी गमतीनं लिहीत नाही. गुरुवारी खेडकडचे भिमाजी ठाकर आले होते. मध काढण्यात त्यांची हयात गेली. ते टाकीखाली उकिडवे बसले, बराच वेळ वर बघत राहिले आणि साहेबांना म्हणाले, "ह्या पाव्हण्या हायेत, साहेब. ऊन तापलं की आपसूक उठून जात्यात. तवर खालनं गुमान जावं, काय करत न्हाईत."

हे मी साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. "दुश्मन खुद चला जाएगा तो हम जीतेंगे किसको?"

जाताना भिमाजींनी मला फाटकाशी गाठलं. "गड्या, म्होरं तू हायेस म्हनं? आन ही काळी घोंगडी पांघरून?"

"व्हय."

"आरं, आस्वलागत दिसशील की! आस्वल म्हंजी आग्या माशीचा जुना वैरी. काळं, केसाळ दिसलं की ती त्याच्यावरच तुटून पडती. तुला कुनी मारायला धाडलंय का मध काढाया?"

ही घोंगडीची गोष्ट मी साहेबांच्या कानावर घातली. त्यांनी ती वहीत टिपून घेतली आणि म्हणाले, "गुड. सारे दुश्मन बिरू की तरफ आएँगे. बाकी फौज सेफ."

कलम तिसरं. माझी मेंढरं अकरा. ती चुलते अर्जुनराव यांच्या कळपात आहेत. ते आता आठच आहेत म्हणतील. कुठं गेली ती तीन, हे त्यांना चारचौघांत विचारावं, आणि ते शपथ घ्यायला लागले तर बिरोबाच्या देवळात न्यावं, घरात शपथ घेऊ देऊ नये. घरात ते कसलीही घेतात. मेंढरं आईला.

कलम चौथं. पत्र्याची ट्रंक आणि आत जे निघेल ते आईलाच. आरसा मात्र अंबुबाईंच्या लेकीला द्यावा, तिला तो आवडला होता. तिनं तसं म्हटलं नव्हतं, पण मला कळलं.

कलम पाचवं. माझ्या नावावर एक बिल्लाही आहे. तो गेल्या श्रावणात वाळवीच्या लढाईत मिळाला. साहेबांच्या अभ्यासिकेच्या चौकटीला वाळवी लागली होती. सुतार म्हणाला, तेल पाजू. साहेब म्हणाले, वेढा घालू. बारा दिवस आम्ही व्हरांड्याखाली खंदक खणला. तेराव्या दिवशी व्हरांड्याचा अर्धा पत्रा खाली आला आणि वाळवी त्याखाली गाडली गेली. साहेबांनी विजय जाहीर केला, लेमनेडच्या बाटल्यांची झाकणं ठोकून बिल्ले केले आणि प्रत्येकाच्या छातीला लावले. तो बिल्ला चुलते अर्जुनराव यांच्या एडक्याच्या गळ्यात बांधावा. तोही असाच, समोर काय आहे ते न बघता डोकं घालतो.

कलम सहावं. आता जनरल साहेबांबद्दल, कारण उद्या माझं काही झालं तर लोक विचारतील की हा माणूस होता तरी कसा.

माणूस वाईट नाही. मला हिवतापानं धरलं तेव्हा त्यांनी स्वतः उशाशी बसून कोयनेल पाजलं, तीन दिवस. भीती त्यांना ठाऊक नाही. बंदुकीचा बार कानाशी झाला तरी चहाचा कप हलत नाही. दिवाणखान्यात त्यांचे इंग्रजी पेपरातले फोटो काचेत लावले आहेत, आणि सध्या ते पुढारीपणावर ग्रंथ लिहीत आहेत. चौथं प्रकरण चाललं आहे: फौजेच्या पुढं कसं चालावं. ते वेताच्या खुर्चीत बसून लिहितात.

मिंथा नदीची हकिकत मला सोपानरावांनी सांगितली. त्या लढाईत ते ब्रह्मदेशात साहेबांच्या तळावर रसोईला होते. कांदा चिरता चिरता सांगितली, त्यामुळे डोळ्यातलं पाणी कशाचं ते कळलं नाही.

"पल्याडच्या काठावर कुनीच नव्हतं, बिरू. आदल्या दिवशी आपली दोन पोरं पोहून जाऊन बघून आली. जपान्यांच्या चुलींवर हात ठिवून आली. गार पडल्या होत्या. तसं साहेबाला सांगितलं."

"मग?"

"मग काय! तोफा आल्या होत्या, पेपरवाला आला होता. साहेब म्हनला, आता दुश्मन न्हाई म्हनून कसं चालंल? दिला हुकूम. नदीला लोंढा होता. एकोनीस मानसं आन छत्तीस खेचरं वाहून गेली. गोळी एक सुटली न्हाई. सकाळी साहेब मोकळ्या काठावर निशान लावून हुबा. तोच फोटो दिवानखान्यात लावलाय."

मी त्याच संध्याकाळी साहेबांना विचारलं की त्या दिवशी कोण कोण गेलं. साहेबांना छत्तीसच्या छत्तीस खेचरांची नावं पाठ आहेत. त्यांनी सगळी सांगितली, मोलीपासून डचेसपर्यंत, आणि डचेसच्या नावाला डोळे पुसले. माणसांचं विचारल्यावर म्हणाले, "बहादुर लोग थे."

ही हकिकत हीच माझी मिळकत समजावी. ती मी कुणा एकाला देत नाही. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

कलम सातवं. कुणी म्हणेल, मग हा बिरू पळून का जात नाही? त्याचं उत्तर इथं देणं भाग आहे. मी एका जागी टिकणारा नव्हे. मेंढरं सोडली, आकुर्डीला रेल्वेच्या गँगवर खडी फोडली, काळेवाडीच्या वीटभट्टीवर सहा महिने काढले आणि मग इथं आलो. आई म्हणायची, तुझ्या पायात भिंगरी आहे. पण आता पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला आहे. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर, मधे कुणाच्या मनात काही आलं म्हणून जीव जात नाही. तिथं मला मनापासून जायचं आहे. फाटकावरचे कारकून बबनराव म्हणाले, "सोमवारी सकाळी ये, भावा, माणसं घेतोय. पन कुठल्यातरी बड्या साहेबाची चिठ्ठी आन, की मानूस नेक हाय."

मी विचारलं, "चिठ्ठीत काय काय पाहिजे?"

"मजकूर कोन वाचतं, राव? खालची सही बघतो मी."

मी साहेबांकडे चिठ्ठी मागितली. एकदा नव्हे, चारदा. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "लड़ाई के बाद." म्हणजे चिठ्ठी पाहिजे तर आधी शिडी, आणि शिडीवरून खाली आलो तर चिठ्ठी. तेवढ्यासाठी मी थांबलो आहे. मरायची हौस म्हणून नव्हे.

कलम आठवं. आग्या माश्यांना माझी माफी. त्यांनी कुणाचं काही केलेलं नाही. त्या फक्त चुकीच्या जनरलच्या टाकीला लोंबल्या.

कलम नववं. हे मी मघाच्या आठ कलमांनंतर तासाभरानं लिहीत आहे, कारण मधे एक गोष्ट घडली.

चार वाजता अंबुबाई आपला कागद घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. तीन कागदांपैकी एकात त्यांनी मिसरी बांधली होती, दुसरा चुलीत गेला होता. तिसऱ्यावर कोळशानं एक सूर्य काढला होता आणि खाली अंगठा. साहेबांनी कागद घेतला. तो उलटा होता. तो उलटाच धरून त्यांनी भुवया आवळून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, जणू सगळं कळतं आहे, मान हलवली, लांबलचक फिरकीची सही ठोकली आणि अंबुबाईंना सलाम केला.

अंबुबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "कायबी काढा, सही करतोय मेला."

सोपानरावांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. कारकून बबनरावांचं बोलणं त्यांना ठाऊक होतं, मी आठवडाभर तेच तर सांगत होतो.

"तिसरा कागद कोरा हाय न्हवं तुझा?" सोपानराव म्हणाले.

"आहे."

"मग बस. लिही. पन साहेब बोलल्यावानी लिही. आन खोटं काय लिवू नको, आपल्याला खोट्याची गरज न्हाई."

"मी गेलो तर पुढं तुम्हाला धाडतील की."

"माझी कंबर उद्या पहाटं धरनार हाय. तिला तसा हुकूम सुटलाय. बायकूची माहेरची मानसं चाकनात हायेत, तितं मालीश करून घेईन चार दिस."

अंबुबाई म्हणाल्या, "आन माझ्या लेकीला बघाया पाव्हनं यायचं हायेत तळवड्याला. आत्ताच ठरलं."

तेव्हा मी या कलमानं असं ठरवतो की वरची दोन पानं सोपानरावांच्या हवाली करावीत. वाटेत गाडीखाली सापडून वगैरे मी मेलोच, तर ती खरी मानावीत. नाहीतर त्यांनी चूल पेटवावी. फक्त कलम तिसरं कापून ठेवावं. मेंढरांचा निकाल मी जिवंत असलो तरी लागला पाहिजे.

आई, तू काळजी करू नकोस. मी पहाटे चालत पिंपरीला निघतो आहे. नदीच्या काठानं नव्हे, सडकेनं.

तिसरा कागद पुढीलप्रमाणे. पाच वाजता साहेबांनी तो हातात घेतला, गंभीरपणे पाहिला, "ब्रेव्ह बॉय," म्हणाले आणि सही केली.

(पान तिसरं. हे वेगळं समजावं.)

ज्याच्या हाती हा कागद पडेल त्यास कळावे की हा इसम, बिरू ज्योतीराम कोळेकर, माझ्या हाताखाली सात महिने कामाला होता. तो चोरी करत नाही, नशापाणी करत नाही, सांगितलेलं समजतो, आणि न सांगितलेलंही समजतो. ओझं उचलतो. लिहिता वाचता येतं. माझ्या हुकमाखाली राहूनही तो आजपर्यंत जिवंत आहे, यावरून त्याची हुशारी ओळखावी. त्याला काम द्यावं.

सही: ब्रिमली, जनरल, मिंथा नदीचे विजेते (सही इंग्रजीत, आपल्या हातानं, न वाचता)

साक्षीदार: सोपानराव, खानसामा, मिंथा नदीवर हजर असलेला

दुसरी साक्षीदार: अंबुबाई, राहणार तळवडे (अंगठा)

लिहून घेणार: बिरू ज्योतीराम कोळेकर

ठिकाण: मिंथा व्हिला, तालुका हवेली, जिल्हा पुणे

तारीख: १२ फेब्रुवारी १९५५, शनिवार

कामावर हजर होण्याचा दिवस: सोमवार, सकाळची पाळी