मार्सेयहून आलेले सात जण

डिचोली,
१९ फेब्रुवारी १९८९

प्रिय मनीषा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. फ्रान्स देशात लिफाफे मिळत नाहीत काय? ज्या राष्ट्राने जगाला अत्तरं दिली, राज्यक्रांती दिली, त्याला कागदाची एक घडी घालून कडेला डिंक लावणं जमू नये, याचा मी तीव्र निषेध करतो. तू मला सात कार्डं पाठवलीस. सुटी, उघडी, प्रत्येकावर वेगळं तिकीट. तू ती एकाच दिवशी पेटीत टाकली असशील, पण डिचोलीच्या पोस्टात ती एकेक करून उगवली. नऊ दिवसांत सात कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एक पुरुष. मागच्या बाजूला तुझं वळणदार देवनागरी अक्षर, जे मीच घोटून घेतलं आणि जे पोस्टापासून आपल्या पायरीपर्यंत ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकाने वाचलं. तुला सर्दी झाल्याचं मला तिसऱ्या कार्डावरून कळलं. पोदेराला ते माझ्याआधी तासभर ठाऊक होतं. पाव देताना त्याने मला काढा सुचवला.

बाहेरगावी असलेल्या मुलीकडून पुरुषांचे फोटो येऊ लागले म्हणजे आपल्या गावात त्याचा एकच अर्थ होतो, हे तुला कळायला हवं होतं. आपल्याकडे फोटो येतो तो पत्रिकेबरोबर. पहिल्या कार्डाच्या वेळी सगुण पोस्टमन फक्त सायकल उभी करून दोन मिनिटं जास्त थांबला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मास्तर, आज मिशांवालो आयला. कालच्यापरस बरो.” तिसऱ्या दिवशी त्याने मान हलवून सांगितलं की आजच्याचं वय झालेलं आहे, याला नाही म्हणा. मी त्याला समजावलं, की बाबा रे, ही स्थळं नव्हेत, हे सिनेमातले नट आणि दिग्दर्शक आहेत, मार्सेय नावाच्या शहरातले. त्यावर त्याने शिक्का निरखून विचारलं, “मार्सेल? म्हणजे आमचें माशेल?” आणि लगेच, “माशेलात सिनेमावाले खंय आसात मास्तर, थंय नाटकवाले.” तुझ्या विद्वत्तापूर्ण कार्डमालेचं डिचोलीत झालेलं हे पहिलं रसग्रहण.

चूक माझीच म्हणा. नोव्हेंबरात तू लिहिलंस की तिथल्या शाळेने आणखी एक वर्ष राहण्याबद्दल विचारलं आहे, आणि तू ‘बघते’ एवढंच लिहून पुढे हवामानाकडे वळलीस. मी उत्तरात खोचकपणे विचारलं, की त्या शहरात बंदर आणि मासे यापलीकडे काय आहे. मासे तर तुझ्या शेवंतीआत्याच्या मोरजीतही मिळतात. त्याला हे तुझं उत्तर. एका कार्डावर एक माणूस, आणि खाली त्याची हकिगत. एकाचा बाप गोदीत पोती उचलायचा. एकाच्या आईचं कोपऱ्यावर पावाचं दुकान. एक दिग्दर्शक राजधानीला गेला, नाव कमावलं, पण प्रत्येक सिनेमा काढायला आपल्याच गल्लीत परत येतो आणि शेजारपाजारच्यांना उभं करतो. दुसरा गेला तो कधी परतला नाही, पण तू म्हणतेस, त्याच्या प्रत्येक सिनेमात कुठेतरी एक खिडकी समुद्राकडे उघडते. त्यांची छापील नावं मी वाचू शकलो नाही. फ्रेंचात जेवढी अक्षरं लिहितात त्यातली निम्मी गिळतात. पाणिनीनेही लोप सांगितला आहे, पण त्याने काही नियम ठेवला होता.

चौथ्या कार्डावर तू लिहिलं होतंस की या शहरातली माणसं बोलतात तेव्हा शब्दांची शेपटं लांबवतात, आणि राजधानीतले लोक त्यांच्या बोलण्याला हसतात. सुरुवातीला या नटांना सांगितलं गेलं, की ते बोलणं सोडा नाहीतर विनोदी कामंच करा. त्यांनी सोडलं नाही. मग तेच बोलणं ऐकायला सगळा देश तिकीट काढून जाऊ लागला. हे कार्ड मी दोनदा वाचलं. तू ते मुद्दाम लिहिलंस की सहज, हे मी विचारणार नाही. गेली चार वर्षं या गोव्यात मराठी की कोकणी यावरून मी किती सभांत बोललो आणि काय काय बोललो, ते तू इथे होतीस तोवर पहिल्या बाकावर बसून ऐकलेलं आहे.

घरची खबर अशी की खबर नाही. शिरगावच्या खाणीचे ट्रक चालू आहेत, त्यामुळे खिडकीच्या फळीवर रोज सकाळी बोटाने लिहिता येईल इतकी तांबडी धूळ असते. तुझी आई ती दिवसातून दोनदा पुसायची. मी एकदा पुसतो, आणि सुट्टीच्या दिवशी ती आपोआप जाईल अशी वाट पाहतो. पेज एका माणसापुरती करता येत नाही असा माझा निष्कर्ष आहे. कितीही कमी तांदूळ घेतले तरी दोघांची होतेच. शाळेत संस्कृतला यंदा अकरा मुलं. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर मी बसतो, दाराजवळच्या बाकावर भूमितीवाला अनंत बसतो. मधल्या बाकावर वह्यांचे गठ्ठे ठेवतात.

परवा शेवंतीआत्या आली. शिवोलीची फेरीबोट, मग म्हापशाला बस बदलून, डोक्यावर सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन. मोरजीपर्यंत बातमी गेली होती की मनूला सात स्थळं आली आहेत आणि मास्तर एकालाही होकार देत नाही. चहासुद्धा न घेता म्हणाली, “दाखय.” मी सातही कार्डं जमिनीवर मांडली आणि नीट खुलासा केला, की हे सगळे एकाच शहरातले नट आणि दिग्दर्शक. तिला ते पटकन समजलं, सगुणापेक्षा पटकन. पेडण्याकडच्या बाईला, एका गावातून नटांची रांगच्या रांग का निघते, हे सांगावं लागत नाही. “म्हणजे दशावताराची कंपनी,” ती म्हणाली. “आमच्या वाड्यावरचे नाय का, शेतात नांगर धरतत आणि जत्रेक राजे होतत. बापूस राजा, चुलतो राक्षस.” आणि तिने भूमिका वाटायला सुरुवात केली. जाड्या मानेच्याला राक्षस. मिशांवाला राजा. पावाच्या दुकानातला तो नाजूक चेहऱ्याचा, त्याला लुगडं नेसवून राणी. गल्लीत परत येणारा दिग्दर्शक कंपनीचा मालक, कारण “हो सगळ्यांका हाक मारून जमवता.” समुद्राकडे खिडकी उघडणाऱ्याला तिने काहीच दिलं नाही. “हो येवचो नाय,” म्हणाली, आणि कार्ड बाजूला सरकवलं.

मी हसत होतो, मनीषा. तुझी आई गेल्यापासून या घरात असा हसलो नव्हतो.

मग ती सातव्या कार्डावर आली. मी आधीच सांगून टाकलं होतं की हाही दिग्दर्शकच, नवीन आहे, अजून नाव व्हायचं आहे. सगुणालाही तेच सांगितलं होतं. तीस वर्षं पोरांना सत्य बोला म्हणून शिकवणाऱ्या माणसाने पोस्टमनला आणि सख्ख्या बहिणीला एकच थाप मारली. शेवंतीने कार्ड उजेडात धरलं. तिला अक्षर वाचता येत नाही, पण माणूस वाचता येतो. म्हणाली, “शिवदासा, हो नट न्हय. हे सगळे बघ, सगळ्या लोकांकडे बघतत. हो फोटो काढणाऱ्याकडेच बघता.” मी म्हटलं, दिग्दर्शक असेच असतात. तिने कार्ड खाली ठेवलं, इतरांमध्ये नाही, वेगळं. “बरो आसा,” एवढंच म्हणाली आणि बांगडे भाजायला आत गेली. पाच वाजताच्या बसपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मला ते तिच्याआधी दिसलं होतं. बाकीच्या सहा कार्डांच्या मागे छापील नाव आहे. याच्या मागे नाही. बाकीची कार्डं दुकानातली गुळगुळीत. हे साध्या फोटोच्या कागदाचं, कडा किंचित वाकड्या कापलेल्या. बाकीच्यांची तू कुळकथा लिहिलीस, बाप कोण, आई कोण, कुठल्या गल्लीत वाढला. याच्या मागे तीनच शब्द आहेत. ‘हाही इथलाच आहे.’ आणि फोटोत त्याच्या पाठीमागे भिंतीवर एक खुंटी दिसते, तिच्यावर शाल आहे. हिरवी, काठाला पिवळी वेल. तुझ्या आईची शाल मला ओळखू येते.

हे कार्ड आलं त्या दिवशी मी शाळेत गेलो आणि नवव्या यत्तेला एक धडा दोनदा शिकवला. पोरांपैकी कुणी टोकलं नाही. मधल्या सुट्टीत वाटलं की हे कुणाला तरी सांगावं. पंचवीस वर्षांत असं काही सांगायचं झालं तर मी एकाच माणसाला सांगत आलो. तू जन्मलीस तेव्हा त्यालाच सांगितलं होतं. तुझं नाव ठेवताना ‘मनीषा म्हणजे बुद्धी, पण पोर बापावर गेली तर काय करशील’ असं तोच म्हणाला होता. तो चार हातांवर दाराजवळच्या बाकावर बसून भूमितीचे पेपर तपासत होता. मी वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत बसलो आणि घंटा झाली.

त्या चतुर्थीबद्दल आपण कधी बोललो नाही. आई गेल्यावर एक वर्ष गणपती आणला नव्हता, पुन्हा आणण्याचं हे पहिलंच वर्ष. शहाऐंशी साल, भाषेवरून सगळीकडे पेटलेलं. तू स्टुलावर उभी राहून गणपतीच्या डोक्यावर माटोळीचं फळांचं छत बांधत होतीस. अनंत दरवर्षीसारखा रानातली फळं घेऊन आला, कांगलं, घागऱ्यो, सगळं वेलींसकट, ओलं. आदल्या दिवशी कोकणीच्या सभेत त्याचं भाषण झालं होतं. मी दारात उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, “आमच्या गणपतीक मराठीच कळटा. तुजीं फळां तुज्या घरा व्हर.” आम्ही भाषेवरून तुटलो आणि तुटताना मीही कोकणीतच बोललो, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. तो फळांसकट पायऱ्या उतरला. तू स्टुलावरून खाली उतरली नाहीस. उरलेली फळं बांधलीस, आणि जिथे दरवर्षी त्याचा घोस असायचा तेवढी जागा मोकळी ठेवलीस. अकरा दिवस मी त्या मोकळ्या जागेखाली आरती केली. पुढे गोव्याचं राज्य झालं, दोन्ही भाषांची कायद्यात काहीतरी सोय झाली, मिरवणुका निघाल्या. आम्हा दोघांची सोय कुणी लावली नाही. आणि तू तर त्या चतुर्थीच्याच पावसाळ्यात फ्रान्सच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलास.

मी अजून अनंतकडे गेलेलो नाही. गेलो असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण या आठवड्यातल्या थापा पुरेशा झाल्या. काल त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो आणि औषधाच्या दुकानात शिरून गोळ्या घेतल्या, ज्यांची मला गरज नव्हती.

मी हे पत्र लिहायला बसलो तेव्हा तुला फक्त विचारायचं होतं, की सातवा कोण. त्याचं नाव काय, बाप काय करतो, तोही गोदीतला की पाववाला. जूनमध्ये येणार आहेस की नाही. आता चार पानं झाल्यावर दिसतं, की तो कोण याने मला फारसं काही झालेलं नाही. शेवंतीने ‘बरो आसा’ म्हटलं आहे आणि माणसांच्या बाबतीत ती माझ्याइतकी चुकत नाही. मला दुसरंच काहीतरी लागलं आहे. तुला एक माणूस आपल्या बापाला दाखवायचा होता, आणि त्यासाठी तुला सहा अनोळखी नट विकत घेऊन त्यांच्या मागे त्याला उभं करावं लागलं. मी त्याला दारातून परत पाठवीन, असं तुला वाटलं. त्याला पाठवीन आणि कदाचित तुलाही. लहानपणी तू विंचवाला भ्याली नाहीस, मुख्याध्यापकांना भ्याली नाहीस. मला भ्यालीस. याचीच काळजी मला आठ दिवस खाते आहे, आणि तिच्यावर काय करायचं हे मला ठाऊक नाही.

तुझाच,
बाबा