लग्नाची फिल्म आणि आत्याचा चेहरा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (इथूनच घातला असं समज; समोर येऊन वाकलो तर पाठीत धपाटा घालशील). तुझी तब्येत बरी असेल, दाजींची सर्दी गेली असेल आणि तुझा राग गेला नसेल, असं धरूनच लिहितो. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचता पुसतेस. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून हा मार्ग.

तुझा निरोप बाबांनी सांगितला. आत्या गेली, आता तिचा एक तरी हसरा फोटो हवा, लग्नाच्या फिल्ममधून काढून पाठव. आई गेल्यापासून जिने आपल्या दोघांची नाकं पुसली, तिचा घरात फक्त ओळखपत्रावर फोटो असावा (त्यातही ती पकडून आणल्यासारखी दिसते), ही लाजेचीच गोष्ट आहे. म्हणून मी लग्नाचं सगळं चित्रण, कापून टाकलेल्या तुकड्यांसकट, पुन्हा पुन्हा बघितलं. ताई, त्यात आत्याचा चेहरा नाही.

असं कसं झालं, ते कळायला आमचं कॉलेज समजून घ्यावं लागेल. टीव्ही, पत्रकारिता आणि सिनेमा, तिन्हींचा इतिहास आणि तिन्हींचं प्रात्यक्षिक, असा आमचा अभ्यास (बाबांच्या भाषेत, फी भरून टीव्ही बघणं). तुझं लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्याच वर्षात होतो, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा. घरचा माणूस शिकत असताना परका फोटोग्राफर कशाला, असं मीच ठणकावून सांगितलं. तू विश्वास ठेवलास आणि तिथेच माशी शिंकली.

आमच्या कॅमेऱ्याच्या मॅडम म्हणायच्या, चेहरे कोणीही टिपतो, तुम्ही माणसांचे हात बघा. मी बघितले. तुझे हात, दाजींचे हात, जेवणाऱ्यांचे हात, आणि हात संपल्यावर माझ्या बुद्धीने पायांवर उतरलो. (दाजींना नवा बूट चावत होता, हे त्या फिल्ममध्ये फार छान कळतं. तेवढंच कळतं.) इतिहासाच्या सरांनी नुकतेच मूकपट शिकवले होते, म्हणून फिल्मचा आवाज काढून टाकला. पत्रकारितेचे सर म्हणायचे, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी होत नाही. तेव्हा तुझ्या सासऱ्यांना कोपऱ्यात गाठून मी विचारलं, या लग्नाला तुमच्या घरात कोणाचा विरोध होता का. त्या भल्या माणसाने खरं ते सांगितलं, आणि सासूबाई नेमक्या मागेच उभ्या होत्या. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पत्रकारितेत मात्र मला चांगले गुण पडले.

घरी फिल्म लावली तो दिवस आठवतो? सगळे दाटीवाटीने बसलेले आणि पडद्यावर लग्नाच्या हॉलमधला गळका नळ. बराच वेळ धीर धरून बाबांनी ही जाहिरात कधी संपणार म्हणून विचारलं. तू शेवटपर्यंत स्वतःला शोधत राहिलीस आणि मग उठून आत गेलीस. आत्या एकटीच म्हणाली की पोराने मेहनत घेतली आहे हो. त्या फिल्ममध्ये ती स्वतः दोनदा आहे, ताई. एकदा ओट्याकडे तोंड करून, पाठमोरी. एकदा दाराशी, म्हणजे तिच्या चपला.

हीच फिल्म कॉलेजात पहिली आली. घरातल्या बाईची अनुपस्थिती किती हळुवारपणे दाखवली आहे, असं मॅडम म्हणाल्या, आणि मी मान खाली घालून ते कौतुक गिळलं. अनुपस्थिती कसली, बाई तिथे धडधडीत उभी होती. मी कॅमेरा वर केला नाही, इतकंच. आता ती खरंच नाही, आणि मला फार वाईट वाटतं. थट्टेत लिहितोय ते दुसऱ्या कशात लिहायला जमत नाही म्हणून.

दाजींना नमस्कार. सासूबाईंना तू ठरवशील तेव्हा.

तुझा नालायक, पण एकुलता एक भाऊ,
ढब्बू

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. दाजींचे ते जाडे काका लग्नात मोबाईल उभा धरून, भिंगावर अर्धा अंगठा ठेवून, दिसेल त्याला 'इकडे बघा, हसा' करत फिरत होते. मी त्यांना चारचौघांत सांगितलं की हा कलेचा खून आहे. त्यांनी निमूटपणे फोन खिशात घातला. पण तोवर त्यांचं बरंच काढून झालं होतं. त्यांच्या फोनमध्ये आत्या असणार, आणि हसत असणार. तू मागशील का? मी मागायला गेलो तर ते देतीलही, पण मला त्यांच्याकडे बघवणार नाही. माझ्या वतीने माफी माग. अंगठा आला असला तरी चालेल.

आणखी एक ता. क. हे लिहिणार नव्हतो. मूळ चित्रणात आवाज आहे. जेवणाचं टेबल मांडलंय, मी रिकाम्या ताटांवर कॅमेरा लावलाय आणि ताटांवर कोणाची तरी सावली पडलीये. आत्या म्हणते, "ढब्बू, ही नवी शाल बरी दिसते का रे? घे की माझा एक." मी म्हणतो, "आत्या, सावली पडतेय, जरा बाजूला हो ना." ती म्हणते, "बरं बाबा." मग सावली सरकते. त्यापुढे बराच वेळ नुसती ताटं आहेत, आणि उजेड फार छान आलाय.