आंधळ्या घुबडानं ऐकलेलं

प्रिय ताई,

तुझ्या आणि बाबांच्या अबोल्यात मी आजवर पडले नाही. आज पडतेय, रागावू नकोस.

मागच्या रविवारी आम्ही जखमी शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात गेलो. ठकीचा हट्ट, दुसरं काय! नाही म्हटलं की माझी लेक घर डोक्यावर घेते. बाबाही निघाले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. पंख तुटलेली घार बघितली, एका पायाचा ससाणा बघितला. शेवटच्या अंधाऱ्या खोलीत, पक्षी सांभाळणाऱ्या बाईंच्या हातमोज्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलं होतं. तारेत अडकून दोन्ही डोळे गेलेले. "आता सगळी भिस्त कानांवर," बाई म्हणाल्या. "भिंतीआडचा उंदीरसुद्धा ऐकतं."

आम्ही बोललो, ठकी शिंकली, पण ते ढिम्म हललं नाही. बाबा मात्र गप्प उभे होते, आणि त्याचं तोंड त्यांच्याकडे. ते बाजूला सरकले, तोंडही सरकलं. ते माझ्यामागे गेले, तर घुबड मान वाकडी करून माझ्या आरपार ऐकू लागलं. "आजोबा, खिशात उंदीर आणलात की काय?" बाई हसल्या. बाबांनी खरंच खिसे उलटे केले. एक रुमाल निघाला, बस्स. बाईंनी पक्ष्याची पाठ आमच्याकडे केली. त्यानं फक्त मान फिरवली, पार मागे. मग कुणीच हसलं नाही. बाबा हळूच म्हणाले, "मला उशीवर ऐकू येतं, ते त्यालाही येतंय."

घरी मी त्यांच्या छातीला कान लावला. ताई, प्रत्येक ठोक्यामागून आत कुणीतरी फुंकर घालत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप केव्हाच निकामी झालीय, ऑपरेशनची वेळही निघून गेलीय. हा माणूस कशाच्या जोरावर हिंडतोय, कळत नाही.

मला कळलंय. ताईला कळवते म्हटल्यावर बाबांनी माझा हात घट्ट धरला. "नको बोलावूस. तिची वाट बघतोय, म्हणून हे चाललंय. ती आली की थांबेल." अगदी शांतपणे म्हणाले, उद्या भाजी काय करायची ते सांगावं तसं.

तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी आधी बाबांकडे बघते, मग दार उघडते. तुला बोलावलं तर ते जातील. नाही बोलावलं, तर वाट बघत बघत जातील. एकटीला हे पेलवेना, म्हणून लिहितेय. ये, ताई. पण सावकाश ये.

तुझीच,
धाकटी