रविवारचा बिघाड

प्रिय ठमाबाई,

तू धाडलेलं बटण माझ्या संगणकावर पोचलं. रविवारी सकाळी दाबून पाहिलं, दोन सेकंदांत सगळं जागच्या जागी आलं. काम चोख आहे, नाव ठेवायला जागा नाही. तरी हे पत्र तक्रारीचंच आहे असं समजून वाच.

नोकरीसाठी परदेशी जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या दुकानातल्या टेबलावर, भिंगाशेजारी, तुझा जुना संगणक मांडलास आणि त्यातला एकेक भाग मला समजावलास. खालची पट्टी म्हणजे पॅनेल. खिडक्यांना चौकट देणारा विंडो मॅनेजर वेगळा, कागदपत्रं सांभाळणारा फाइल मॅनेजर वेगळा, आणि काल उघड्या राहिलेल्या खिडक्या आज पुन्हा उघडून देणारा सेशन मॅनेजर आणखी वेगळा. कोण कुठली माणसं हे भाग घडवतात, फुकट देतात, वर खुशाल उघडून बघा म्हणतात. हल्लीची घड्याळं डिंकाने चिकटवून येतात, उघडायला गेलं की मोडतात. माझ्यासारख्या घड्याळजीला हे उघडून बघता येणं फारच आवडलं. पट्टीवर तू दोन घड्याळं लावून दिलीस, एक इथलं, एक तुझ्या तिकडच्या गावचं. तुझंच मी जास्त वेळा बघतो.

पहिल्यांदा पट्टी गेली ती खरंच चुकून. तुझ्या सुट्टीच्या रविवारी तू तिकडून माझ्या संगणकात शिरलीस. माऊसवर माझा हात नव्हता आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला, न अडखळता थेट हव्या त्या जागी. लहानपणी समोर बसून चिमट्याने मला एकेक स्क्रू द्यायचीस, तशीच तू वाटलीस. मग फोनवर तासभर गप्पा झाल्या, तुझी नोकरी, माझा गुडघा, तुझ्या घरमालकिणीची मांजर. मधे काम असलं की आपल्याला बोलता येतं. नुसता फोन केला की मी जेवलीस का विचारतो, तू हो म्हणतेस, आणि फोन आईकडे जातो.

त्यानंतर पट्टी चार वेळा गेली. पाचव्यांदा तर सगळ्या खिडक्यांच्या चौकटी उडाल्या, बंद करायची फुलीसुद्धा उरली नाही. तू कपाळाला हात लावलास. आता सांगतो. चाळीस वर्षं घड्याळं खोलणाऱ्या माणसाला एक पट्टी परत लावता येत नाही, हे तुला पटलंच कसं? विंडो मॅनेजर बंद कसा पाडायचा, हे मी तू जाताना लिहून ठेवलेल्या वहीतूनच शिकलो. शनिवारी दुकान बंद करण्याआधी बिघाड करून ठेवायचो, म्हणजे रविवारी घाई नको. शेवटी आईने रंगेहाथ पकडलं. म्हणाली, "अहो, पोरीची आठवण येते असं सरळ सांगा की. त्या यंत्राचा जीव कशाला घेता?"

तुला मात्र वाटलं, बाबा सारखे अडतात. म्हणून सुट्टी खर्चून बटण केलंस, आणि सोबत लिहिलंस की आता माझी वाट बघायला नको. बटण दाबल्यावर मी बराच वेळ त्या बाणाकडे बघत बसलो. तो हलला नाही.

ठमे, मला तुझी फार आठवण येते. एवढं एक वाक्य सांगायला तुझ्या बापाने संगणक पाच वेळा मोडला. बटण राहू दे, ते चांगलं आहे. येत्या रविवारी नेहमीच्या वेळेला मी संगणक लावून बसेन. काहीही बिघडलेलं नसेल, शपथ. तरी ये, आणि बाण जरा हलव.

तुझाच लबाड,
बाबा