आई, तो चिकू नव्हता

प्रिय आई,

गयेहून येऊन आज तिसरा दिवस. पाय अजून ठणकतात, बॅग तशीच दारात पडलीय, नववीच्या भूगोलाचे पेपर तपासायचे राहिलेत. तरी सगळं बाजूला सारून तुला लिहायला बसलेय. एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि विचारायची सोय तू ठेवली नाहीस! अशी कशी गं गेलीस, धड भांडूसुद्धा न देता?

तुझं वर्षश्राद्ध झालं तसा दत्ता मागे लागला. ‘अक्का, आईचं गयेला जाऊन करून येऊ. मोकळी होऊ दे तिला.’ तुला मोकळं करणारा हा कोण टिकोजीराव? जिवंतपणी तू आम्हाला सुखानं बसू दिलं नाहीस, आणि आता दोन गाड्या बदलून पार बिहारपर्यंत पळवलंस.

तुझा लेक कसा आहे ते तुला माहीतच आहे. अर्धापूरच्या मळ्यातून नांदेड स्टेशनला आला तो धपाट्यांचा हा एवढा डबा घेऊन. वर शेंगदाण्याची चटणी, लोणचं. ‘परक्या मुलखातलं काही खायाचं न्हाई.’ अरे, तिकडं माणसं राहतात की राक्षस? दोन दिवस गाडीच्या सगळ्या डब्यात चटणीचा वास. समोरचे लोक तोंड फिरवून बसले होते, आणि तुझा लेक त्यांनाच आग्रह करून राहिला होता, घ्या ना, घ्या ना म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं? तूच!

पण ते जाऊ दे. मला केळ्याबद्दल बोलायचंय.

अण्णा गेल्यावर तू दत्ताबरोबर गयेला गेलीस आणि वडाखाली बसून केळं सोडून आलीस. तिथं गेलं की आवडीचं एक फळ जन्मभरासाठी सोडायचं, हे मला मान्य. पण आपले लोक काय करतात, ते तुला ठाऊक नव्हतं का? शेजारच्या सविताच्या आईनं लिची सोडली. अर्धापुरात लिची कुणी पाहिलीय? दत्तानं बापाच्या, अण्णांच्या नावानं कारलं सोडलं, ज्या कारल्याला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. विधी करणारे तिथले पंडाजीसुद्धा काही म्हणत नाहीत. आणि तू? घरची केळीची बाग असताना केळं! अण्णांनी लावलेली बाग, अण्णांच्या जिवाची वस्तू, म्हणून तेच सोडलं. असा शहाणपणा कुणी सांगितला होता?

अकरा वर्षं, आई! बागेत घड उतरायचे, तू शेजारी उभी राहून हातानं दाबून सांगायचीस, हा दोन दिवसांनी पिकेल, हा आजच खा. येईल त्याच्या पिशवीत फणी कोंबायचीस. सत्यनारायणाच्या प्रसादात केळं असायचं म्हणून तू नुसता हात जोडायचीस. मी चिडायचे. ‘अण्णा वरून बघायला येणारेत का?’ म्हणायचे. तू म्हणायचीस, ‘बघू न्हाईतर न बघू. म्या बोलले ना.’ संपला विषय.

मग तुझे ते शेवटचे दिवस. माझ्याच घरी, मागच्या खोलीत. तोंड आलेलं, भाकरी गिळवत नव्हती, वरणभातसुद्धा नको. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पोटॅशियम कमी झालंय, केळी द्या, मऊ असतात, जातील घशाखाली. मी तुला सांगितलं तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. डॉक्टरांपुढं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या हट्टाला कंटाळून मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते तुला माहीत नाही.

आणि नंतर जे केलं, ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. दत्ताला नाही, ह्यांनाही नाही. मी दोन केळी कुस्करली. थंड दूध घातलं. चिकूसारखा रंग यावा म्हणून साखरेऐवजी गूळ किसून घातला. वास लपावा म्हणून वेलदोडा कुटून घातला, चांगला सढळ हातानं. वाटी घेऊन तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘आई, चिकूचं शिकरण केलंय.’

‘चिकू कुठला गं?’ तू विचारलंस.

‘बाजारातला.’

‘हं,’ म्हणालीस. आणि खाल्लंस. सगळी वाटी! मला इतका आनंद झाला होता की मी चमचा चाटूनपुसून घेतला तुझ्याकडून, लहान लेकराला भरवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी झाल्यावर तू म्हणालीस, ‘वेलदोडा कमी घालीत जा. एवढी काय गरज न्हाई.’

आणि मी काय बोलले? ‘आई, चार घास पोटात जातायत ते गप खा ना! त्यातही खोड काढायलाच पाहिजे का?’ रात्रंदिवस तुझं करून मी थकले होते गं. तुझं ते मेलं खुसपट काढणं मला जन्मभर पुरलं होतं. तू परत ‘हं’ म्हणालीस आणि उरलेली अर्धी वाटी खाल्लीस.

चौथ्या दिवशी तू नव्हतीस.

वर्षभर मी हे बरोबर घेऊन फिरले. वर्गात नद्यांचे उगम शिकवताना मधेच आठवायचं: आपण आपल्या आईचा नेम मोडला, फसवून मोडला, तेही मरताना. अकरा वर्षं सांभाळलेली गोष्ट मी तीन वाट्यांत घालवली. तुला कळलं नव्हतं, असं म्हणावं तर तुझी फसवणूक केली. कळलं होतं, असं म्हणावं तर तुला मी काय खायला लावलं! दोन्हीकडून माझीच मान अडकलेली.

गयेला पिंड झाले, वडाखाली बसलो, पंडाजी म्हणाले, ‘माताजी के नाम से एक फल छोड़िए.’ दत्तानं लगेच सांगितलं, ‘किवी.’ ऐकलंस ना? किवी! कुठल्यातरी दुकानात बघून पाठ करून आला होता. मग पंडाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘केळं.’

‘अक्का, येडी झालीस का?’ तिथंच ओरडला दत्ता. ‘एकीनं सोडलं तेवढं बास न्हाई झालं का? केळीवर घर चालतंय आपलं!’ पंडाजींनी तोवर माझ्या ओंजळीतून पाणी सोडूनही घेतलं. म्हटलं, झालं. जे तुला खायला घातलं, ते आता आपल्याला नाही. फिटंफाट.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. माझ्या शाळेतल्या वाघमारे बाईंनी निघताना बजावलं होतं, ‘गयेपर्यंत जाऊन बोधगया न बघता आलात तर तोंड दाखवू नका. आणि बोधिवृक्षाचं गळलेलं पान मला पाहिजे.’ दत्ताला सकाळी सकाळी रिक्षात कोंबलं. वाटभर त्याची कुरकुर, ‘पिंपळच हाय ना? आपल्या मळ्यात बी हाय की.’ पण तिथं पोचल्यावर आपणहून हात जोडले बघ त्यानं. त्या झाडाखाली कुठल्या कुठल्या देशांचे लोक पांढरे कपडे घालून नुसते बसलेले. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. एक पान गळलं की चारजण हळूच उठायचे. मला अर्ध्या तासानं एक मिळालं, किडीनं खाल्लेलं, पण मिळालं.

बाहेर आलो तर भूक सपाटून लागलेली. ब्रह्मदेशातल्या यात्रेकरूंसाठी थंडीत कापडी मांडव घालून खानावळी लावतात. एका मांडवातून गवती चहाचा वास आला आणि माझे पाय तिकडं वळले. दत्ता बाहेरच बाकावर बसला, डबा उघडून. तीन-चार दिवसांचे धपाटे, चामड्यासारखे झालेले, चावून राहिला होता बिचारा.

आत एक म्हातारी, तुझ्याच वयाची, गालांना पिवळसर लेप लावलेला, मोठ्या पातेल्याशी उभी. तिला हिंदी येत नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसानं सांगितलं, ‘मोहिंगा खाइए दीदी, बिना मछली का भी है.’ आधी त्यानं चहाच्या पानांची कोशिंबीर आणून ठेवली. आई, तिकडं चहा नुसता पीत नाहीत, खातातसुद्धा! मुरवलेली पानं, वर तीळ, शेंगदाणे, तळलेला लसूण. तुला दाखवायला पाहिजे होतं. दिवसातून सहादा चहा पिणारी बाई तू, इतकी वर्षं चोथा फेकला म्हणून हळहळत बसली असतीस.

मग मोहिंगा आला. पातळ पिठल्यासारखा रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया, वर डाळीचा कुरकुरीत वडा मोडून घातलेला, लिंबू, कोथिंबीर. काय चव होती म्हणून सांगू! त्यात पांढऱ्या, जाळीदार, कचकच वाजणाऱ्या चकत्या होत्या. त्या मला इतक्या आवडल्या की मी शोधून शोधून खाल्ल्या. म्हातारीनं ते पाहिलं आणि डाव घेऊन आली, तशाच आणखी चकत्या माझ्या वाडग्यात घातल्या. मी गल्ल्यावरच्याला विचारलं, हे काय आहे?

‘केले का तना, दीदी. अंदर का.’

केळीचा गाभा! जे खोड आपण घड उतरवला की आडवं पाडून बांधावर फेकतो, ते. चोवीस तास व्हायच्या आत माझा नेम गेला, आई! माझा हात थांबला. वाडगा सरकवून उठणारच होते. मान वर केली तर ती म्हातारी समोर उभी, हातात डाव, माझ्या तोंडाकडं बघत. आवडलं ना, एवढंच तिला पाहिजे होतं. इतक्या मायेनं वाढलेलं, तिला मी काय सांगणार होते? पिंड, पंडाजी, वडाचं झाड? कोणत्या भाषेत?

मी मान हलवली. हसले. आणि कळून-सवरून, सगळा वाडगा खाल्ला.

शेवटच्या घासाला मला तुझं तोंड दिसलं. वाटीवरून माझ्याकडं बघणारं. जी बाई डोळे मिटून वासावर सांगायची की घड कोणत्या वाफ्यातला आहे, तिला काय कळत नव्हतं? ‘एवढी काय गरज न्हाई.’ आई गं! आणि मी तुझ्यावर ओरडले!

रडायला लागले मी तिथंच. म्हातारीला वाटलं, तिखट लागलं. धावत जाऊन बिनदुधाचा चहा घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दत्ता बाहेरून ओरडला, ‘म्हटलं व्हतं ना, परक्याचं खाऊ नको म्हणून!’ त्याला मग रिक्षात सगळं सांगितलं. चिकूचंही. रिकाम्या डब्याचं झाकण लावत बसला. मग म्हणाला, ‘फळ सोडलंय ना तू? खोड न्हाई सोडलं. चालतंय.’ आणि तोंड फिरवून बसला.

पण तुझ्यावरचा माझा राग काही गेलेला नाही, सांगून ठेवते. कळलं होतं तर एकदा तरी बोलायचं होतंस! ‘केळं हाय गं हे,’ एवढं म्हणायला काय झालं होतं? दोघी मिळून हसलो असतो. मी तुझे पाय धरले असते. वर्षभर मला असं कुढत ठेवलं नसतंस.

यंदा तुझ्या श्राद्धाच्या पानावर दत्तानं केळं वाढू दिलं नाही, आईनं सोडलंय म्हणून. पुढच्या वर्षी मी ऐकणार नाही. तुझं बोलणं तू जिवात जीव असेतो पाळलंस, माझ्यासाठी घेतलेल्या त्या तीन वाट्या सोडून. आता झालं. मी नाही खाणार, पण तुझ्या पानावर शिकरण वाढीन, आपल्याच बागेतल्या केळ्याचं, पांढरंशुभ्र, गूळ न घालता. दत्ता ओरडला तर ओरडू दे. वाढताना मोठ्यानं सांगेन, आई, हे केळं आहे.

आणि वेलदोडा अजिबात घालणार नाही.

तुझी चिडकी,
अक्का