खिळ्यावरचा नान

२ मे, शुक्रवार

लेक आली, कुनसुलू. नऊ वर्षांनी. केस कापलेत, गाल बसलेत. दारातच विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?"

"सोमवारचं, अपा. आत तर येऊ दे."

मानाच्या जागेवर बसवलं, दारासमोरच्या भिंतीशी, पाठीला उशी देऊन. म्हणाली, "इथे कशाला? मी काय पाहुणी आहे?" आज येऊन सोमवारी जाणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? चहा ओतला.

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं गाठोडं तिने पाहिलं की नाही, कळलं नाही. कोरियाला, पुसानला निघाली तेव्हा सापारने — तिच्या वडिलांनी — तिला नानचा एक घास तोडायला लावला आणि उरलेला नान फडक्यात बांधून तिथे टांगला. लांब जाणाऱ्याचा नान असाच राहतो. तो परत येऊन खातो, तेव्हा त्याचं जाणं संपतं. सापार रोज सकाळी गाठोड्याला हात लावायचा. तो वारला तेव्हा हिला विमान मिळालं नाही. मी आपली फडकं धूत राहिले. नानचं लाकूड झालंय.

ठरवलंय — आपण होऊन तो तिच्यापुढे ठेवायचा नाही. चार दिवसांच्या येण्याला मी येणं म्हणत नाही.

३ मे, शनिवार

मांस आणायला बाजारात गेले. गर्दी, ऊन, वर जिना. परत आले तर ही चहाचा वाडगा घेऊन बसलेली, डोळे लाल. म्हणे, "कांदा चिरला." चिरलेला कांदा काही मला दिसला नाही.

बेशबारमाक केलं, उकडलेलं मांस आणि रुंद शेवया. दोनदा वाढून घेतलं. मग म्हणते, "उद्या मला शिमकेंत दाखव." जिथे जन्मली, ते शहर!

४ मे, रविवार

गुडघे सुजलेत. पाय वर घेऊन लिहिते आहे.

आधी गढी. नव्याने बांधलीय, मातीचा रंग इतका एकसारखा की खेळण्यातली वाटते. ही प्रत्येक भिंतीचा फोटो काढते. मी सावली शोधत बसते. मग कोश्कार-अता नदीच्या काठाने चाललो. एका जागी थांबून म्हणाली, "इथेच माझी चप्पल वाहून गेली होती ना? बाबा कपड्यांसकट उतरले होते."

"चप्पल मिळाली नाही. त्याला मात्र खोकला मिळाला," मी म्हटलं.

हसली. मला हसण्याइतकं त्राण नव्हतं.

जेवायला बाजाराजवळच्या साम्सावाल्याकडे, तंदुरात भाजलेले मांसाचे समोसे. त्याने तिचा कॅमेरा पाहिला आणि मला विचारलं, "अपा, पाहुणी कुठली? विचारा तिला, चरबी चालेल ना? नाहीतर नुसता भोपळ्याचा देतो, परदेशी पोटाला बरा."

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "दादा, चरबी कमी घातलीत, तर तंदुरात साम्साच्या जागी तुम्हालाच चिकटवीन."

"अरे! ही तर आपल्याच पाण्याची निघाली," तो ओरडला. "तिकडे उपाशी ठेवलं वाटतं तुला? धर, हा कोपऱ्यातला, जास्त भाजलेला."

ओठ भाजले तरी खात होती. रस मनगटावरून ओघळला, तो चाटला. शाळेत असताना याच सवयीबद्दल मी किती ओरडायचे. आज ओरडले नाही. पाहुण्यांना कोणी ओरडत नाही.

वर कुमीस हवा, घोडीचं आंबवलेलं दूध, म्हणून आणखी दोन गल्ल्या. तिथे बाकावर बसल्यावर म्हणाली, "अपा, तू दारात 'आलीस का' असं विचारलंच नाहीस. कधी जाणार, तेवढं विचारलंस."

"'आलीस का' विचारणारा माणूस गेला."

तिने वाडगा खाली ठेवला. मीही. कुमीस आंबट होता.

येताना तिने तंदुरातून निघालेला नान घेतला. "घरात नान आहे," मी म्हटलं.

"असू दे. हा माझा."

पिशवीत पालथा नाही ठेवला. नान पालथा ठेवू नये, तेवढं विसरली नाही म्हणायची.

५ मे, सोमवार

गेली.

टॅक्सी आली का बघ, म्हणून मला खाली पिटाळलं. जिना चढून आले, तर हिच्या तोंडात घास. निघायच्या घाईत खात उभी! इतकी वर्षं एकटी राहूनही शिस्त नाही.

बूट घालून दारात थांबली. माझ्या हातांकडे पाहत होती. मला ठाऊक होतं कशासाठी. निघणाऱ्यापुढे नान धरला नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं. आज हात पुढे केला नाही. आणखी एक गाठोडं टांगायचं, आणखी फडकी धुवायची — नको. नाही होत आता.

"विमान चुकेल," मी म्हटलं.

"थकलीस तू, अपा."

"हो."

गळ्यात पडली. केसांना साम्साचा वास होता.

६ मे, मंगळवार

सकाळी गाठोडं उतरवलं. भिजवून कबुतरांना घालायचं ठरवलं होतं. नान टाकून कसा देणार. गाठ सोडली.

जुना नान नव्हता. आत रविवारचा होता, अजून मऊ. एक घास तोडलेला.

शनिवारचा तो चहा. ते लाल डोळे. तो लाकडासारखा नान बुडवून बुडवून, कसा खाल्ला असेल पोरीने.

म्हणजे ती आली होती.

गाठ पुन्हा बांधली. गाठोडं खिळ्याला लावलं. त्याला हात लावला आणि मग चहा ठेवला.