दोन ओमेश, एक टिळा

६ ऑक्टोबर २०२४
पुन्हा दोन! हूक लावायला ब्लाऊज घेतला तर हातात दोन सुया. जुलैत नागपूरला ऑपरेशन झालं, लहानपणापासून नाकाकडे वळलेला डावा डोळा सरळ झाला. माय मला गावभर मिरवायचीच बाकी होती. आता तोच डोळा बाहेर, कानाकडे चाललाय! डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, घाई नको. चष्म्यावर प्रिझमची पट्टी चिकटवून दिली. चष्मा लावला की एकच दिसतं.

१३ ऑक्टोबर
दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्यातल्या नाटकाची तालीम. आजवर मला हसवायचंच काम – तिरळी म्हणजे विनोदी, हे गावात ठरलेलंच. यंदा अडून बसले आणि नायकाच्या बहिणीचं काम घेतलं. गाव मला बघून रडलं पाहिजे. एकदा तरी!
नाटक बसवणारे शालीकरामकाका म्हणाले, "शेतातली बहीण आहे ते. चष्मा कायले?" काढला. भाऊ फौजेत निघालाय, त्याला टिळा लावायचा. भावाचं काम ओमेशकडे. समोर दोन ओमेश. टिळा लावला – कानाला! सगळे खो खो.
काका म्हणाले, "अजूनही सांगतो, हसवाचंच काम घे."
नाही घेणार. एवढा राग आला की घरी येऊन जेवले नाही.

२० ऑक्टोबर
एक डोळा मिटला की ओमेश एकच राहतो. पण डोळा मारल्यासारखं दिसतं. भावाला!

२६ ऑक्टोबर
मावशी परत गावाला निघाली. माय रडत होती – पदराने एक डोळा पुसत, दुसऱ्याने मावशीची पिशवी राहिली का ते बघत. मी बघतच राहिले. सापडलं!
"काऊन हासून राहिली वो? मावशी चालली ना!"

३ नोव्हेंबर
आता चष्म्यातूनही सुई दोन दिसते. मंडई होऊ दे, मग बघू.

९ नोव्हेंबर
काल नाटक झालं. पदर डाव्या डोळ्याला, टिळा बरोब्बर कपाळावर. पुढच्या बाया नाकं ओढत होत्या. काका म्हणाले, "रडवलं वो पोरी तूनं." माय तर आज सकाळीही डोळे पुसत होती. किती बरं वाटलं!

११ नोव्हेंबर
डॉक्टरांना फोन केला. पुन्हा ऑपरेशन करायचं तर कधी, विचारलं.
"काऊन, लोक बोलतात का?"
नाही म्हटलं. मला सुईत दोरा ओवायचाय.